साडेचारचा धूर

नवरूप सकाळी साडेसहाला लुधियान्याहून आली आणि आल्या आल्या तिने आधी बिक्करचाचाच्या हातातली बाटली काढून घेतली.

"झाकण उघडू नका म्हणून सांगितलं होतं ना कंपनीच्या लोकांनी? हे अत्तर नाही, चाचा."

"अगं, भूआला वास दाखवत होतो. आपल्या पराळीतून काय सोनं निघतं, ते तिला कळायला नको?"

बाटलीत तपकिरी पिवळं पाणी होतं. भाताच्या पेंढ्यातून, म्हणजे दरवर्षी शेतात पडून राहणाऱ्या पराळीतून, काढलेलं रसायन. त्याच्यापासून राळ बनते, औषधं बनतात, तेलं शुद्ध होतात. आज ते पेट्रोलियमपासून करतात, उद्या या कोट सरदूल गावाच्या पराळीपासून करायचं, असं कंपनी म्हणत होती. नाल्यापलीकडच्या गायरानात कारखाना, चाळीस गावांची पराळी.

"कळलं मला," भूआ म्हणाली. बिक्करच्या वडिलांची ही धाकटी बहीण. अठ्ठ्याहत्तरीची, शेजारच्या गावाहून नातवाच्या स्कूटरवर मागे बसून आली होती. "पंजिरी करपल्यावर येतो तसला वास आहे. याच्यासाठी आमचं पाणी पळवणार होय रे तुम्ही?"

"भूआ, तुझं पाणी आधीच पळालंय."

"म्हणून राहिलेलंही पळवा!"

नवरूपचा बाप, बिक्करचा थोरला भाऊ नाजरसिंग चुलीपाशी बसून पराठे लाटत होता. बायको, नसीब कौर, वारल्यापासून तो स्वयंपाक शिकला होता. पहिलं वर्ष नुसता चहा जमत होता. आता मुळ्याचे पराठेही जमत, फक्त गोल होत नसत.

"हा पराठा आहे की जिल्ह्याचा नकाशा?" भूआने विचारलं.

"खा की. संगरूरच्या बाजूने सुरुवात कर."

बिक्करची बायको छिंदर हसली. गेल्या चार महिन्यांत या अंगणात सगळे एकत्र हसले, असं फार वेळा झालं नव्हतं. कारखान्याने घरात दोन तट पाडले होते. बिक्करची पराळीचे गठ्ठे बांधायची दोन यंत्रं होती, कारखाना आला तर ती वर्षभर चालणार. भूआ पाण्यावरून पेटली होती. छिंदर सकाळी नवऱ्याच्या बाजूने बोलायची आणि संध्याकाळी भूआच्या. नाजरसिंग कुणाच्याच बाजूने बोलत नव्हता, त्यामुळे दोघंही त्याला आपला समजत.

आणि आज अकरा वाजता शाळेच्या मैदानात जनसुनावणी होती.

नवरूपने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नव्हती. ती ज्या संस्थेत काम करायची, तिनेच कारखान्याच्या बऱ्यावाईटाचा अभ्यास केला होता. आपलंच गाव आहे हे तिने वरिष्ठांना आधीच सांगितलं, म्हणून घरोघरी विचारायला दुसरी मुलं आली होती. तिच्याकडे फक्त आकडे आले.

"बापू, अहवाल तयार झाला," ती म्हणाली. "उलटा आलाय."

"उलटा म्हणजे?" बिक्करने हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे कारखाना नसलेलाच बरा, असा."

भूआने दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं. "वाहेगुरू!"

"थांब भूआ. आधी ऐक." नवरूप बाजेच्या कडेवर टेकली. "सगळं एका प्रश्नावर अडलंय. कारखाना आला नसता तर या पराळीचं काय झालं असतं? ती शेतात जळाली असती, तर कारखान्याने धूर वाचवला. मोठी गोष्ट झाली. पण ती नांगरून मातीत गाडली असती, तर कारखान्याने जमिनीच्या तोंडचा घास काढला. वर ट्रकचं डिझेल, बॉयलरची राख, रोजचं पाणी. मग काय उरलं?"

"अगं पण जाळतातच की!" बिक्कर म्हणाला.

"अकरा गावांत चारशे बारा घरांना विचारलं, चाचा. तीनशे एक्क्याण्णव घरांनी सांगितलं, आम्ही जाळत नाही, गाडतो."

मग छिंदरने ओढणीचा बोळा तोंडावर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले.

"हसतेस काय?" बिक्कर ओरडला. "आणि उपग्रह? वरून दिसतंच ना सगळं? आग लागली की ठिपका पडतो म्हणे."

"उपग्रह वरून किती वाजता जातो, चाचा?"

"दीड वाज..." बिक्करने जीभ चावली.

हे गावात शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. त्याला सगळे आभाळातला पटवारी म्हणत. पटवारी दीडच्या सुमाराला वरून जातो, दोनला आग लावली तरी जरा धास्ती असते, चारनंतर खुशाल लावा. जाळणाऱ्याच्या उताऱ्यावर लाल शेरा बसायला लागला तेव्हापासून सगळा जिल्हा घड्याळ बघून पेटायचा.

"आपण आपली आग इतकी छान लपवली," नवरूप म्हणाली, "की कागदावर आता आगच नाही. कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. आणि इथे आपण आणखी वीस वर्षं संध्याकाळी साडेचारला..."

नाजरसिंगचं बोट तव्याला लागलं. त्याने ते तोंडात घातलं आणि तसाच खाली बघत राहिला.

त्या चारशे बारांत तोही होता. सर्वेचा मुलगा याच बाजेवर बसला होता. नाजरसिंगने त्याला ताकाचा पेला दिला आणि म्हणाला, "आम्ही? छे. कधीच नाही जाळली. गाडतो आम्ही." फार सहज निघालं होतं तोंडातून. सहज निघालं, कारण हेच तो आधीही एकदा बोलला होता. पोरीला. तीन वर्षांपूर्वी आईच्या दहाव्याला नवरूपने विचारलं होतं, एवढा धूर आला कुठून? तो म्हणाला होता, पश्चिमेचा वारा होता, पलीकडच्या गावातून आला. पलीकडच्या गावातूनही आला होता, हे खरंच होतं. त्यातला तो 'ही' तेवढा त्याने गिळला. त्यानंतर नवरूपने धुराचाच अभ्यास धरला, आणि मग तर सांगणं दर महिन्याला जास्तच अवघड होत गेलं.

"मी सांगतो भर सभेत!" बिक्कर उठला. "जाळतो म्हणावं! काय करायचं ते करा!"

"सांगा की," छिंदर म्हणाली. "आणि लाल शेरा बसला की जमीन ना विकता येईल ना गहाण ठेवता येईल. मग बसा त्या यंत्रांवर भांगडा करत."

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?"

"अजून ठरलं नाही माझं."

भूआ मात्र पराठ्याचा दुसरा जिल्हा संपवत आनंदात होती. "झालं ते बरं झालं. खोटं बोलून का होईना, पाणी वाचलं."

"नाही वाचलं, भूआ." नवरूप तिच्याजवळ सरकली. "कारखाना जमिनीतून रोज अकरा लाख लिटर उपसणार, हे मी अहवालात लिहिलंय. ते पान खरं आहे. पण धुराचं पान खोटं आहे. हा कारखाना नाही तर पुढचा येईल. त्यांचा वकील उठेल आणि म्हणेल, ज्यांनी धुराचं खोटं सांगितलं तेच आता पाण्याचं सांगतायत. तेव्हा तुझ्या बोअरची साक्ष कोण ऐकणार?"

भूआ चावता चावता थांबली.

"म्हणजे माझं पाणी वाचवायला आधी या नालायकांचा धूर खरा करायला पाहिजे?"

"हो."

भूआने बिक्करकडे बघितलं, मग नाजरसिंगकडे. "मग बोला ना रे कुणीतरी! एवढ्या मिशा काय वाऱ्यावर वाळवायला ठेवल्यात?"

*

मैदानावर मांडव घातला होता आणि साडेदहालाच खुर्च्या संपल्या होत्या. ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागले होते. एका कढईत ब्रेडपकोडे, दुसरीत जिलेबी. कंपनीने खाऊ घातलं तर लोक बिघडतील म्हणून पंचायतीने स्वतः कढया लावल्या होत्या, आणि कंपनीची माणसंच रांगेत सर्वांत पुढे होती. मैदानाच्या कडेने भात पिवळा पडत चालला होता. तीन-चार आठवड्यांत कापणी. मग पुन्हा तेच.

नाजरसिंग चौथ्या रांगेत बसला. उजवीकडे बिक्कर, गुडघा हलवत. डावीकडच्या कनातीपलीकडे बायका.

अध्यक्षस्थानी जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई होत्या. उंच, आवाज खणखणीत. "इथे जे बोलाल ते सगळं नोंदलं जाईल. चित्रीकरण चालू आहे. मागाहून मी असं म्हटलंच नाही, असं चालणार नाही."

कंपनीच्या माणसाने पंचवीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवली. मग नवरूपच्या वरिष्ठांनी अहवालाचा सारांश वाचला. 'पराळी बहुतांशी जमिनीत गाडली जाते' हे वाक्य आलं तेव्हा तीनशे एक्क्याण्णव घरं आपापल्या बुटांकडे बघत होती.

"लोक जाळतात!" बिक्कर उभा राहिला. ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला होता.

"कोण लोक?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"सगळे."

"नाव सांगा एखादं."

बिक्करने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "पलीकडच्या गावातले."

"ओए बिक्करा," मागून कुणीतरी ओरडलं, "पलीकडचे इथेच बसलेत, तुझ्यामागे!"

मांडव हसण्याने हलला. बिक्कर कानांपर्यंत लाल होऊन खाली बसला. "वीरजी, बोला ना काहीतरी," तो भावाला म्हणाला. "तुमचं ऐकतात लोक."

नवरूप टेबलाशी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिला वाद घालायचा अधिकार नव्हता. "सर्वेतलं आपलं उत्तर कुणाला दुरुस्त करायचं असेल," ती म्हणाली, "तर आत्ता पुढे यावं. यानंतर अहवाल बंद होईल."

कुणी उठलं नाही. अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. पुढचा विषय घ्या."

नाजरसिंगला वाटत आलं होतं की कधीतरी पोरीला एकटीला गाठून सांगू. आधी तिला, मग जगाला. तीन वर्षं तो त्या कधीतरीची वाट बघत होता. आता टेबलामागची बाई पान उलटत होती.

"थांबा, मॅडम," तो म्हणाला आणि उठला. गुडघा कडकन वाजला. "माझं चुकलंय उत्तर. दुरुस्त करायचंय."

पुढे जायला वीस पावलं होती. बिक्कर तोंड उघडं टाकून बघत होता. नवरूपने बापाला ओळखत नसल्यासारखा अर्ज समोर ओढला, कारण तसंच करायचं होतं.

"नाव?"

"नाजरसिंग. कोट सरदूल."

"पराळी जाळलीत?"

"जाळली. बरीच वर्षं जाळत होतो."

"शेवटची कधी?"

"तीन वर्षांपूर्वी. सात नोव्हेंबर. त्यानंतर नाही जाळली."

पेन थांबलं. सात नोव्हेंबर. आठला नसीबला श्वास घेता येईना, नऊला पटियाल्याचा दवाखाना, अकराला सगळं संपलं. या तारखा त्या दोघांना पाठ होत्या.

"किती एकर?" नवरूपचा आवाज तसाच होता. फक्त जरा हळू.

"पाच."

"कुठलं शेत?"

"घरामागचं."

ध्वनिक्षेपक चालूच होता. 'घरामागचं' हा शब्द मैदानभर गेला आणि शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला.

"वेळ?"

"साडेचार. पटवारी गेल्यावर."

कुणी हसलं नाही.

"कारण?"

"गव्हाची पेरणी लांबत होती. चार दिवस." तो थांबला. "चार दिवस," तो पुन्हा म्हणाला. एवढ्या मोठ्या कर्ण्यातून ते फार थोडे वाटले.

अर्जावर शेवटचा एक चौकोन उरला होता. नवरूप त्याच्याकडे बराच वेळ बघत होती.

"दुसरा पुरावा आहे काही?"

"नाही. कुणी पाहिलं नाही."

"आहे," नवरूप म्हणाली.

तिने मान वर केली, पण बापाकडे पाहिलं नाही.

"मॅडम, त्या दिवशी माझी आई माझ्याशी फोनवर बोलत होती. सव्वाचारला म्हणाली, ठेवते आता, दोरीवरचे कपडे काढायचेत. मी म्हटलं, मम्मी, ऊन आहे अजून. म्हणाली, आहे गं, पण काढायचेत." ती कनातीकडे वळली. "चाची! ऊन असताना कपडे कशाला काढतात?"

कनातीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. छिंदर उभी राहिली. आयुष्यात ती कधी सभेत बोलली नव्हती.

"धुराचा वास बसतो ना, पुत्त," ती पोटच्या पोरीला सांगावं तशी म्हणाली. "पुरुष काडेपेटी घेऊन निघाले की आम्ही कपडे काढतो. खिडक्या लावतो. माठावर ओला फडका टाकतो. हे काय सांगायला पाहिजे? पण तुझ्या त्या सर्वेवाल्या पोरांनी आम्हाला विचारलंच नाही. बाजेवर बसले, ताक प्यायले आणि गेले."

"गेल्या वर्षी किती दिवस काढलेत?"

छिंदरने बोटांवर मोजलं. "करवा चौथपासून... अकरा. अकरा दिवस. मधल्या गुरुवारी तर दोनदा."

"आमच्याकडे चौदा!" मागून एक बाई.

"आमच्याकडे नऊ, पण माझी सून बाळंतीण होती, म्हणून मला तारखासुद्धा सांगता येतील!"

"अगं ए, हळू!" पुरुषांच्या बाजूने कुणीतरी कळवळलं. "घरातली गोष्ट आहे ही!"

"कपड्यांचं सांगतेय मी! तुमचं नाव घेतलं का?"

अधिकारी बाईंनी नवरूपला जवळ बोलावलं. "हे धरता येईल?"

"येईल, मॅडम. कुणी कुणाचं शेत सांगत नाही, कुणाचं नाव नाही. फक्त कपडे कुठल्या दिवशी, किती वाजता काढले. अकरा गावांतल्या बायकांनी एकच दिवस आणि एकच वेळ सांगितली तर ते चारशे सह्यांपेक्षा पक्कं. आमची चूक झाली. आम्ही ज्यांना विचारलं ते काडी लावणारे होते."

बाईंनी क्षणभर विचार केला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. कदाचित त्यांच्या घरीही दोरी असावी. "लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

आणि मग कनात पडली. कुणी पाडली ते कधीच कळलं नाही. बायका टेबलाकडे अशा निघाल्या की जिलेबीवाल्याने कढई मागे ओढली. अर्ज पंधरा मिनिटांत संपले. शाळेच्या मास्तरीणबाईंनी वह्या फोडून पानं दिली. एकीला तारीख आठवेना तर दुसरी आठवण करून देई, "अगं, तुझ्या भावाचा टिळा होता, आपण पिवळे सूट परत धुतले नव्हते का?" पानांवर पानं. मोगा, बर्नाळ्याकडून आलेल्या सुना आपापल्या माहेरचंही सांगायला लागल्या, त्यांना थोपवावं लागलं.

हे बघून पुरुषही उठले. आधी एक, मग चार. नाजरसिंगने तोंड फोडलंच होतं, बायकांनी उरलंसुरलं झाकण काढलं होतं, आता एकट्याने बसून राहण्यातच जास्त लाज होती.

"बघा," बिक्कर छिंदरला म्हणाला, "आमच्याच बायका, आमच्याच विरुद्ध."

"विरुद्ध कसली? तुमचाच कारखाना आणतेय मी."

"म्हणजे ठरलं तुझं?"

"भूआचं ऐकू दे आधी."

भूआच्या हातात तोवर ध्वनिक्षेपक आला होता आणि तो परत मिळायची चिन्हं नव्हती. "माझे दिवस सोळा!" ती गरजली. "लिहिलंस, पुत्त? आता पुढचं लिही. माझा तिसरा बोअर आहे हा. पहिला नव्वद फूट, दुसरा दोनशे, हा तीनशे वीस. धूर खरा तर पाणीपण खरं! कंपनीवाल्या, ए चष्मेवाल्या, तुलाच म्हणतेय. पराळी ने. सगळी ने, दुवा देईन. पण जमिनीतला एक थेंब घ्यायचा नाही. शहराचं सांडपाणी नाल्यातून वाहत जातं, ते गाळ आणि वापर. नाहीतर धूर नेऊन तहान देशील आम्हाला!"

टाळ्या इतक्या वाजल्या की चष्मेवाल्याने उठून नमस्कार केला, आणि मग आपण नक्की कशाला होकार दिला ते शेजाऱ्याला विचारत बसला. अधिकारी बाईंनी लेखनिकाला सांगितलं, "पाण्याची अट वेगळ्या पानावर, ठळक."

*

तीन वाजता मैदान रिकामं झालं. नवरूप मांडवात पानं लावत बसली होती. दोनशे सदुसष्ट. धुराचं पान आता बदलणार होतं. पाण्याचं तसंच राहणार होतं. दोन्ही खरी होती, आणि कारखान्याला दोन्हींसकट उभं राहायचं होतं.

नाजरसिंग उरलेली जिलेबी कागदात बांधून घेऊन आला आणि दोन खुर्च्या सोडून बसला.

"लेखनिकाने माझं नाव लिहून नेलंय," तो म्हणाला. "लाल शेरा बसेल बहुतेक. बसू दे."

गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं पान काढून तिने त्याच्यापुढे ठेवलं. "तुमची सही राहिलीय."

त्याने वाचलं. दुसऱ्या पुराव्याच्या चौकोनात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: नसीब कौर, पत्नी. सव्वाचार वाजता दोरीवरचे कपडे काढले.

"ती काही म्हणाली नाही मला," तो म्हणाला. "कपडे काढले, घड्या घातल्या, ओढणी भिजवून तोंडाला बांधली. दरवर्षी जसं करायची तसं. मी काडी ओढली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू धूर कुठून आला ते शोधत होतीस, पुत्त. शोधत शोधत माझ्यापर्यंत येशील अशी भीती वाटायची. आणि नाही आलीस तर, अशीही वाटायची."

नवरूपने डोळे पुसले, मग पेन पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "सही करा, बापू."

त्याने सही केली. ती शाई वाळेपर्यंत पानाकडे बघत होती. मग तिने कागदातली एक जिलेबी उचलली, अर्धी मोडली आणि उरलेली त्याच्यापुढे सरकवली.

"घरामागचं शेत यंदा कधी कापणार?"

"पंचवीस-तीस दिवसांनी. का?"

"आदल्या दिवशी फोन करा. मी येते." तिने पानं पिशवीत घातली. "सकाळी दोघं मिळून कपडे धुऊ. सगळे. पांघरुणंसुद्धा. आणि अंधार पडेपर्यंत दोरीवर राहू द्यायचे."